दोन मिनिटं, ओटा पुसून येतो

...आणि वर मलाच म्हणतात, ‘चीफ, तुमची काय बाबा, मजा होती! नेव्हीची नोकरी, फुकटचं खाणं, रोज पार्टी!’ अरे कसली पार्टी? कुणाची पार्टी? पार्टी त्यांची होती, मी त्या पार्टीतला टोप होतो! भरून न्यायचा, रिकामा करून आणायचा, घासून उपडा घालायचा... टोपाला कुणी विचारतं का, बाबा रे, तू जेवलास का?

तुम्हाला सांगतो, जहाजावरचा कुक म्हणजे लोकांना वाटतं जगातला सगळ्यात सुखी माणूस. कढईशेजारी उभा, उचलला डाव की घातला तोंडात. घालून बघा एकदा. गॅली म्हणतात त्याला, जहाजाचं स्वयंपाकघर, आपल्या भायंदरच्या वन रूम किचनमधलं किचन असतं ना, त्याहून थोडं मोठं, आणि त्यात अख्ख्या जहाजाचं सकाळ-दुपार-संध्याकाळ. समोर वाफ, खाली इंजिन, आणि पायाखालची जमीन आता डावीकडे चाललीय, आता उजवीकडे चाललीय. त्यामुळे कुक उभा कसा राहणार, तर पाय फाकवून आणि पोट ओट्याला टेकवून. आणि टोप कधीही पूर्ण भरायचा नाही. अर्धा! अर्ध्याच्या वर एक डाव गेला की जहाज कलतं आणि उकळती डाळ तुमच्या मांडीवर. पहिल्याच वर्षी माझ्या मांडीवर आली, तेव्हापासून आजपर्यंत मी पाण्याचा ग्लास पण अर्धाच भरतो.

हे झालं रोजचं. आणि सण? सणाचं तर बोलूच नका. जहाजावर कुणाचा सण नसतो? ओणम आला की केरळची पोरं गॅलीच्या दारात, ‘चीफ, सांबार में थोड़ा नारियल डालना.’ लोहडी आली की पंजाबची पोरं, पूजा आली की बंगालची, पोंगल, ईद, बिहू, काय न् काय. आणि प्रत्येक वेळी आमचे दोन नंबरचे साहेब हात मागे बांधून यायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, ‘चीफ, शिप का मोराल आपके हाथ में है.’ माझ्या हातात काय होतं? झारा होता!

नाताळाचा केक तर विचारूच नका. भट्टीत घातला तेव्हा सरळ, पण समुद्र खवळलेला, जहाज एका अंगाला कललेलं ते तासभर तसंच, केक बाहेर आला तो एका बाजूला उशीएवढा आणि दुसऱ्या बाजूला चपातीएवढा. साहेब म्हणाले, ‘चीफ, ये क्या है?’ मी म्हटलं, सर, उतार आहे. दिवाळीत तेच. दर्या खवळला की तळण बंद, म्हणजे बंदच, तेल उडालं तर जहाजाला आग. मग करंज्या भाजायच्या, चकल्या भाजायच्या. भाजलेली चकली खाल्लीय कधी? खाऊ नका.

आणि मग बडा खाना. म्हणजे सणाचं मोठं जेवण. त्या दिवशी काय रिवाज, तर साहेब लोक स्वतः वाढपी होतात आणि पोरांना वाढतात. फोटो, टाळ्या, ‘और लो, और लो’... किती छान! साहेब वाढणार, पोरं जेवणार, आणि साहेबांच्या हातातली बादली सारखी भरून कोण देणार? माझ्याकडे अल्बम आहे त्या फोटोंचा. एकाही फोटोत मी नाही. एकात माझं कोपर आहे. बायकोनं ओळखलं, भाजलेल्या डागावरून.

कारण गॅलीचा नियमच तसा. आधी ड्यूटीचा साहेब चव घेणार, मग सगळं जहाज जेवणार, मग गॅली धुवायची, ओटा पुसायचा, साहेब येऊन बोट फिरवून बघणार, आणि मग कुक जेवणार. काय जेवणार? दिवसभर त्या वासातच उकडलेला असतो माणूस, श्रीखंड समोर आलं तरी बाजूला सारतो. मग एक थंड चपाती, तिच्यावर लोणच्याची फोड, गुंडाळायची आणि उभ्या उभ्या खायची. वीसेक वर्षांत एक सण मी बसून जेवलो असेन तर शपथ! आणि बंदराला लागलो की घरी फोन. आमची अंबिका पहिलं काय विचारणार? ‘अहो, जेवलात का?’ मी म्हणायचो, हो, जेवलो, बसून, पोटभर. खरं सांगून काय करणार? ती तिकडे रडणार, इकडे फोनच्या रांगेतला मागचा ओरडणार.

आणि घरी माझी आई. तुळसाबाई. आम्ही मूळचे हिंगोलीकडचे, आता भायंदर वेस्टला मोरव्याच्या बाजूला फ्लॅट आहे, आई आमच्याकडेच असते. तर दर बुद्ध पौर्णिमेला घरात वंदना झाली, खीर-पुरी झाली, की म्हातारी माझं ताट वाढायची. मी कुठं? मी अरबी समुद्रात. पण ताट वाढायचं, वर दुसरं ताट झाकायचं. कुणा आल्या-गेल्यानं विचारलं, आजी, हे कुणाचं, की ती म्हणायची, ‘माझ्या खंडूचं हाय. जहाजावर असतो त्यो.’ संध्याकाळी जो कुणी दारात येईल त्याला ते ताट देऊन टाकायची. वॉचमन म्हणा, इस्त्रीवाला म्हणा. अख्ख्या मोरव्यात माझ्या ताटावर जेवलेली माणसं सापडतील तुम्हाला... मीच तेवढा नाही.

म्हणून यंदा जानेवारीत रिटायर झालो ना, तेव्हाच ठरवलं. मला काही नको. सत्कार नको, शाल नको. पौर्णिमेला मला फक्त बसून जेवायचं होतं. आईनं वाढलेल्या ताटावर, आई समोर, गरम येसर आमटी, खीर, आणि मांडी घालून बसलेला मी. एवढंच! हे काय फार मागितलं का?

आठवडाभर आधी अंबिकाला सांगितलं, या वेळी मी किचनमध्ये पाऊल टाकणार नाही, तू कर, मी बसून जेवणार. ती भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, “ओणमवाले जेवले तुमच्या हातचं. ख्रिसमसवाले जेवले. आम्ही कधी जेवायचं?”

वीस वर्षं ती बाई एकटीनं सण करतेय, आणि मागून मागितलं काय, तर नवऱ्याच्या हातचं एक जेवण. आमची मिनल, कॉलेजला आहे, ती पण लगेच, ‘हो पप्पा, प्लीज पप्पा.’ आई कोपऱ्यातून म्हणाली, ‘कर की रं, एक डाव करून घाल लेकराबाळांला, मग बस निवांत.’ मी म्हटलं, ठीक आहे. स्वयंपाक करीन, पण पहिल्या पंगतीला मीच बसणार! सगळे म्हणाले, बसा, कोण नाही म्हणतंय.

इथं घोळ झाला. आमच्या घरची माणसं चार, आणि माझी बहीण सुलू आणि दाजी येणार वरसाव्याहून. एवढ्या थोड्या माणसांचा स्वयंपाक मला येतच नाही हो! मला एक तर जहाज येतं नाहीतर काहीच येत नाही. मूठभर मीठ टाकायला हात गेला तर अंबिकानं मनगट धरलं. मग हिशोब करत करत केलं, तरी दूध जरा जास्तच आलं. आणि त्या दुधाची खीर मी टोपात ओतली. अर्धा टोप. थांबलो. दुसरा टोप घेतला. अर्धा. थांबलो.

मिनल म्हणाली, “पप्पा, भरा ना पूर्ण.”

“नको, सांडेल.”

“सांडेल कसं? बिल्डिंग आहे ही.”

कळतं हो मला, बिल्डिंग आहे! मला काय कळत नाही? पण हाताला कोण सांगणार? अर्ध्यावर गेलं की हात आपोआप थांबतो. खीर अर्धी, आमटी अर्धी, भात अर्धा, भाजी अर्धी... घरातली सगळी भांडी संपली आणि निम्मा स्वयंपाक अजून बाहेर! ओट्यावर ताटं घसरू नयेत म्हणून मी खाली ओला पंचा अंथरलेला, बरण्या सुतळीनं एकमेकींना बांधलेल्या. आई काठी टेकत आली, बघितलं, आणि मला म्हणते, ‘जमीन हलायलीय का रं?’ आणि पुऱ्या तळायच्या वेळी तर, हसू नका, मी आधी खिडकीतून खाडीकडे बघून घेतलं. पाणी शांत होतं. मग कढई चढवली.

पण भांडी? मिनलला पाठवलं बिल्डिंगमध्ये. जा, मागून आण. आपली बिल्डिंग म्हणजे काय, अख्खं जहाजच आहे, एका मजल्यावर चार राज्यं. पहिली हेतलभाभी आल्या, स्वतः, डबा छातीशी धरून. ‘भाईसाब, डब्बा ले लो, पण अंदर कांदा-लसून नहीं जाना चाहिए हां, हमारे ममी को चालतुं नथी.’ म्हटलं भाभी, निव्वळ खीर जाईल, काळजी मत करो. मग यतीनच्या घरून कढई आली, तो आमच्या समोरच राहतो. मग कुठून कुकर, कुठून परात, वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलेत रत्नागिरीचे, त्या समिधाताईंकडून हा एवढा मोठा जर्मनचा टोप. सगळं अर्धं अर्धं भरून तयार. मी घाम पुसला आणि म्हटलं, झालं, आता मला फक्त बसून जेवायचंय.

बसणार कसं? दाजींचा फोन! घोडबंदर रोड जाम. ‘अहो, वरसाव्याच्या ब्रिजपाशीच अडकलोय, एक ट्रेलर आडवा झालाय, निघालोच!’ आता निघालोच म्हणजे काय? रिक्षा हलत नाही तर निघालात कुठून? पण बहीण-मेव्हणे आल्याशिवाय पंगत कशी बसणार? वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या, सगळे पांढऱ्या कपड्यांत खुर्च्यांवर बसून खिरीच्या वासाकडे तोंड करून... जहाजावर भोंगा वाजला की वाजला, समोर कॅप्टन असो की देव, जेवण मिनिटावर. इथं ट्रेलर हलेल तेव्हा!

आणि तेवढ्यात भांडीवाले यायला लागले. हेतलभाभींचे पाहुणे आले, डबा हवा. यतीनची आई म्हणते कढई पाहिजे, दुपारचं राहिलंय. आता भांडी देणार, पण अंबिका आडवी आली. म्हणाली, भांडं रिकामं परत करायचं नाही. म्हटलं ते मला माहितेय, मग साखर घाल चिमूटभर. म्हणाली, घरात खिरीचे टोप भरलेले असताना साखर घालू? सणाच्या दिवशी? काय म्हणतील लोक? मग काय, डबा खिरीसकट गेला. कढई पुऱ्यांसकट गेली. कुकर मसालेभातासकट गेला! खालून आला तो वर, वरून आला तो खाली, आणि प्रत्येक जण जाताना, ‘चीफ, क्या खुशबू है, आपकी तो ऐश है.’ मी दारात उभा, हातात डाव, भरतोय आणि देतोय, भरतोय आणि देतोय. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं... अरे, हा बडा खानाच चाललाय!

शेवटी दाजी आले. घामाघूम, आल्या आल्या म्हणाले, वाढा, जीव चाललाय. पंगत बसली. आई म्हणाली, ‘खंडू, बस.’ अंबिका म्हणाली, बसा आता. माझं ताट मांडलेलं होतं, आईच्या शेजारी. मी बसणार, तुम्हाला सांगतो, गुडघा वाकवला होता मी! तेवढ्यात दाजींची वाटी रिकामी दिसली. आता ज्यानं आयुष्यभर वाटी रिकामी बघितली की उठायचं एवढंच केलं, तो काय करणार? म्हटलं, एक मिनिट. आमटी आणली. मग मिनलला पुरी. मग सुलूला भात. ‘दादा, बस ना रे.’ बसतो, बसतो. अंबिका पहिला घास खाऊन नुसती बघत राहिली. डोळे भरले होते तिचे. म्हणाली, “एवढं छान करता तुम्ही?” वीस वर्षं संसार, आणि हे तिला आज कळलं! त्या वाक्यावर मी आणखी दोन फेऱ्या मारल्या.

सगळे जेवून उठले. आईनं माझं ताट नीट वाढलं, तिच्या हातानं, पुऱ्या, भाजी, आमटीची वाटी, आणि टोपाला लागलेली शेवटची खीर निपटून वाटीत. वर दुसरं ताट झाकलं. अंबिका आणि मिनल, सुलू-दाजींना रिक्षात बसवायला खाली गेल्या. जाताना अंबिका बजावून गेली, “आता बसा हं. आई थांबल्यात तुमच्यासाठी.”

मी म्हटलं, हो. दोन मिनिटं, ओटा पुसून येतो.

आता तुम्ही म्हणाल, काय गरज होती? काही गरज नव्हती! पण गॅली घाण ठेवून कुक जेवायला बसला असं तुम्ही कधी ऐकलंय का? शेगडीवर आमटी सांडलेली, ओट्यावर पीठ, आणि मी बाहेर मांडी घालून बसू? घास उतरेल का? घेतलं फडकं. ओटा पुसला. मग शेगडी. मग टाइल्स. समिधाताईंचा तो मोठा टोप राहिला होता, तो घासून, धुऊन, बाहेर दाराशी उपडा घातला. मग परत किचनमध्ये, सिंक. आणि हात आपोआप डब्याकडे गेला, सकाळची एक चपाती होती, बरणीला बांधलेली सुतळी सोडली, लोणच्याची एक फोड, गुंडाळली... म्हटलं, जरा आधार, ताट तर बाहेर आहेच. एवढ्यात बेल वाजली.

समिधाताई आल्या होत्या टोप न्यायला. नवीन माणसं, मला कधी बघितलेलं नाही. आईनं दार उघडलं, ते आतून ऐकू येत होतं. मग आई म्हणाली, ‘थांब बाई, रिकामं नगं नेऊस,’ आणि हॉलमधली पंगतीची भांडी चाचपत राहिली. सगळी रिकामी. मग समिधाताईंचं लक्ष गेलं असणार. त्या म्हणाल्या, “आजी, हे ताट कुणाचं झाकून ठेवलंय?”

आई म्हणाली, “माझ्या खंडूचं हाय. जहाजावर असतो त्यो.” आणि जरा थांबून म्हणाली, “आता कवा यायलाय... तूच घेऊन जा, बाई.”

पुऱ्या पडल्याचा आवाज आला टोपात. खिरीची वाटी निपटल्याचा आवाज आला. मला ओरडायचं होतं हो, आई, मी इथं आहे, मी आलोय, जानेवारीतच आलोय! पण तोंडात चपाती, लोणचं, घास फिरतोय आणि गिळवत नाहीये. खाली बघितलं तर पाय फाकवलेले, पोट ओट्याला टेकवलेलं. सवयीनं बोलली म्हातारी की मुद्दाम बोलली, मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायची हिंमत पण झालेली नाही. घास गिळून बाहेर आलो तोपर्यंत समिधाताई जिना चढून गेल्या होत्या आणि आई खुर्चीतच डोळे मिटून पडली होती.

मी परत आत गेलो. उरलेली अर्धी चपाती राहिली होती. तेवढ्यात अंबिका वर आली. हॉलमध्ये माझं ताट बघितलं, स्वच्छ रिकामं. तिचा आवाज काय खुलला होता म्हणून सांगू! बाहेरूनच म्हणाली, “अहो, जेवलात का एकदाचे?”

मी फडकं पिळलं, नळावर वाळत टाकलं.

म्हटलं, “हो, जेवलो. बसून. पोटभर.”